दुसरी किणकिण

“फाईलवर उजवं बटन दाबजो. प्रॉपर्टीज उघडजो. मंग त्याले सांगजो, हे कायनं वाजवायचं ते. आन् अडलीस तं पहिला फोन मले.”

देवळातल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स सिस्टीम टाकायला हे सांगणारा अनुप अकोल्याहून आमच्या अमरावतीला आला होता. एका दुपारचं काम त्यानं आठवडाभर पुरवलं. जाताना पायरीवर बूट घालत म्हणाला, “आन् मीच अडलो तं?”

“कुठं?”

“तुह्यापाशी.”

मी ओढणी सारखी केली. “त्याचं उत्तर समोर येऊन देईन. तोंडानं. शब्द देते.”

“तोंडानं? तू तं गुरुवारी मुकीच असतेस!”

खरंच होतं ते. दर गुरुवारी दुपारच्या नैवेद्यापर्यंत माझं मौन. लिहून सांगणंही नाही; तेही बोलणंच की.

आज गुरुवारच. पेटीवाले नत्थुजी गावाला गेलेले, म्हणून त्यांच्या पेटीचं रेकॉर्डिंग लावून महिला मंडळ भजन म्हणणार होतं. मी फाईल उघडली... आणि पेटी वाजेचना! पडद्यावर नुसत्या निळ्या लाटा. काल रेकॉर्डिंगमधला नत्थुजींचा खोकला कापायला फाईल दुसऱ्या ॲपमध्ये उघडली होती, आणि ‘नेहमी यातच उघडा’वर खूण करून बसले होते!

“काय झालं वं पोरी? लाव ना!” मंडळाच्या माणिकबाई टाळ सावरत म्हणाल्या.

तोंड तर उघडता येईना. मी अनुपला फोन लावला, स्पीकरवर टाकून माइकशेजारी ठेवला.

“हॅलो?... हॅलो?... दीपमाला? अरे, गुरुवार नाही का आज! बोलू नको. बांगडी वाजव. एकदा म्हंजे हो, दोनदा म्हंजे नाही. पेटी अडली?”

किण्.

“लाटा दिसून राहिल्या? काही कापाकापी केलीस?”

मी जरा थांबले... किण्.

तो हसला. “उजवं बटन. प्रॉपर्टीज. ‘ओपन विथ’. गाणं वाजवायचं ॲप निवड, डिफॉल्ट कर. झालं?”

किण्.

आता पेटी लागणार म्हणून माणिकबाईंनी नेमकं तेव्हाच माइकचं बटन दाबलं.

“आई आज सांजच्याले मले पोरगी पाहाले दर्यापूरले नेऊन राहिली,” अनुपचा आवाज देवळाच्या भोंग्यातून आख्ख्या गल्लीत घुमला. “तिथंच होकार देऊन टाकू म्हणते. दीपमाला... जाऊ का मी?”

टाळ हातातच थांबले. दारातल्या फुलवालीची सुई हारातच राहिली. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. नाही... दोनदा वाजवायची. मी हात हलवला. किण्—

“अवं माय!” माणिकबाईंनी धसकून माझं मनगटच धरलं. दुसरी किणकिण त्यांच्या मुठीत राहिली.

पलीकडे एकच किण् पोचली.

“बरं... जातो मंग.”

फोन कटला. मी परत लावला. बंद. पुन्हा लावला... बंद!

माणिकबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. “दोनदा वाजवायची होती काय वं?”

मी मान डोलावली. त्या मटकन खाली बसल्या. “काय करून बसली मी, बाप्पा! सोड न ते मौन. देवी काही रागवत नाही.”

मी नाही अशी मान हलवली. दिलेला शब्द असा सोडता येतो का? हाही, आणि पायरीवरचाही.

फाईल पुन्हा उघडली. पेटी सुरू झाली, खोकल्याशिवाय. टाळ कसेबसे ठेका धरू लागले. मी देवीला हात जोडले, चपला पायात सरकवल्या. माणिकबाईंनी मागून येऊन मुठीत सकाळच्या आरतीचा प्रसाद कोंबला.

स्टँडवर अकोल्याची बस उभीच होती. वाटेतलं मूर्तिजापूर येईपर्यंत इकडे नैवेद्य होऊन जाईल. पुढे अकोल्यापर्यंत गळा मोकळा.

“कुठं जायचं ताई?” कंडक्टरनं विचारलं.

मी बसच्या पाटीकडे बोट दाखवलं.