क्लिपबोर्डमधला कापूर

कळफलकावरच्या 'कंट्रोल' कळीवर जखमेला लावायची चिकटपट्टी लावलेली होती. पट्टीच्या कडा मळून काळपट झाल्या होत्या, मधला भाग मात्र नवा दिसत होता. शेजारच्या सगळ्या कळांवरची अक्षरं पुसट झालेली असताना ही एक कळ बरेच महिने कुणी दाबलेली नव्हती, एवढं त्यावरून सांगता येत होतं.

"ही पट्टी कशासाठी, काकू?" डॉ. शर्वाणी ओगले यांनी विचारलं.

"सवयीनं बोट जातं ना. एकदा जाता जाता वाचलं. त्या दिवशी लावली."

विद्यापीठाच्या पुंजविज्ञान, म्हणजे क्वांटम विभागात तळमजल्यावर एक मदत केंद्र होतं. घराघरांत पुंजसंगणक आले, तेव्हा लोकांच्या अडचणी सोडवायला ते उघडलं होतं. शर्वाणी आठवड्यातून दोन दुपारी तिथे बसत. समोर बसलेल्या हेमलता दिघे औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेली माहितीपत्रकं मराठीत आणण्याचं काम करत. अशा पत्रकात औषधाचं लांबलचक नाव पुन्हापुन्हा येतं. बाकीचे लोक ते एकदा कॉपी करून हवं तिथे चिकटवतात. हेमलताबाई प्रत्येक वेळी एकेक अक्षर टंकत. गेल्या आठवड्यात दशांशचिन्ह सुटलं आणि अर्ध्या गोळीच्या जागी पाच गोळ्या झाल्या. तपासनिसाच्या ते लक्षात आलं म्हणून निभावलं. पुन्हा असं झालं तर काम थांबवावं लागेल, असं कंपनीनं सौम्य शब्दांत कळवलं होतं.

"मला तो क्लिपबोर्डचा इतिहास ठेवणारा प्रोग्रॅम हवाय," त्या म्हणाल्या. "जुनं न जाता नवं कॉपी करता येतं म्हणे. शेजारचे म्हणाले, फुकटसुद्धा मिळतात. त्यातला चांगला कुठला, तेवढं सांगा."

"सांगते. पण दुसऱ्या एखाद्या संगणकावर काम का नाही केलंत?"

"केलं असतं. पण आता फोन काय, संगणक काय, सगळ्यांचा क्लिपबोर्ड एकच ना? फोनवर साधा पत्ता कॉपी केला तरी आतलं जाणार."

"आत काय आहे?"

हेमलताबाईंनी पर्सचा बंद नीट केला. "आमचे हे आहेत."

शर्वाणी दचकल्या नाहीत. त्यांनी खुर्ची थोडी पुढे घेतली.

त्या काळात मनठसा ही गोष्ट नवी राहिली नव्हती. आजारी माणसाच्या डोक्याला काही आठवडे एक हलकी टोपी घालत आणि त्याच्या मेंदूतल्या हालचालींचा ठसा पुंजसंगणकात उतरवत. हे ध्वनिमुद्रण नव्हे. ध्वनिमुद्रणात उत्तर आधीच ठरलेलं असतं, कितीही वेळा लावलं तरी तेच. मनठशात उत्तर आधी नसतंच. अनेक शक्यता एकमेकींत मिसळून असतात आणि प्रश्न विचारला की त्या क्षणी त्यातली एक खरी होते. म्हणून तर माणूस बोलतोय असं वाटतं. मात्र अशा अवस्थेची प्रत काढता येत नाही. ती एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवता येते, पण पहिली जागा रिकामी होते.

"हे गेल्यावरही रोज संध्याकाळी बोलायचे," हेमलताबाई सांगू लागल्या. "गॅस बंद केलास का, हा पहिला प्रश्न. भाजीत मीठ कमी आहे, असंसुद्धा म्हणायचे. जीभ नाही, चव नाही, तरी तक्रार! मी म्हणायचे, गप्प बसा आता तरी." त्या हसल्या आणि थांबल्या. "मग निनादचा फोन आला. माझा मुलगा, नॉर्वेत असतो. आई, बाबांची एक कॉपी पाठव ना, म्हणाला. मी कॉपी दाबलं."

"सूचना आली असेल."

"आली. 'ही वस्तू हलवली जाईल. पुढे जायचे?' मी 'हो' दाबलं. सगळ्यालाच आपण 'हो' दाबतो."

"आणि मूळ जागा रिकामी झाली."

"पुन्हा चिकटवायला गेले, तर ठसा ठेवणारा प्रोग्रॅम म्हणाला, जागा बंद करण्यात आली आहे. तेव्हापासून हे मधेच आहेत. निनादला वाटतं, मी मुद्दाम पाठवत नाही. 'बाबा काय तुझे एकटीचे आहेत का', असं बोलला परवा."

"तुम्ही सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? बाबांना मी कापून ठेवलंय म्हणून?"

शर्वाणींनी लॅपटॉप दोघींच्या मधे फिरवला. "काकू, साधे प्रोग्रॅम तुमच्या उपयोगाचे नाहीत. ते प्रत्येक गोष्टीची प्रत काढून बाजूला ठेवतात. इथे प्रत निघत नाही. पुंजवस्तूंसाठी दोनच आहेत. एक 'मागोवा'. तो आत काय आहे त्याची झलक दाखवतो. पण झलक दाखवायची म्हणजे ठसा उघडायचा. उघडला की तो शिल्लक असेल तेवढा बोलेल आणि संपेल. बोललेल्याचं साधं ध्वनिमुद्रण उरेल. त्याच्या हव्या तेवढ्या प्रती काढा."

"शिल्लक असेल तेवढा म्हणजे?"

"मूळ जागेत त्याला जपण्याची सोय होती. क्लिपबोर्डमध्ये ती नाही. तिथे तो विरत जातो."

"कापरासारखा."

"अगदी कापरासारखा."

"आम्ही कापराच्या डबीत मिरे घालतो. लवकर उडत नाही."

"दुसरा प्रोग्रॅम म्हणजे ते मिरेच समजा. त्याचं नाव 'शिंकं'. तो न बघता उचलतो, न बघता वर टांगून ठेवतो. क्लिपबोर्ड तुम्हाला कामाला मोकळा. ठसा विरतो, पण सावकाश."

"मग तोच द्या की!"

"देते. पण आत्ता आत काही उरलंय की नाही, हे मला सांगता येणार नाही. शिंक्यालाही येणार नाही. उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडलं की राहत नाही."

"तुम्हीच बनवलंत ना हे सगळं? मग काढा काहीतरी वाट."

"यंत्रं आम्ही बनवली, काकू. नियम आम्ही नाही केला. तो आम्हाला नुसता सापडला."

खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती एकदाची सुरू झाली.

"माझ्यासारखे बाकीचे काय घेतात?"

"शिंकं. जवळजवळ सगळेच."

"आणि उघडतात कधी?"

"माझ्यासमोर अजून कुणी उघडलेलं नाही. दर वर्षी येतात, मुदत वाढवून घेतात. एक गृहस्थ बायकोच्या वाढदिवसाला आम्हाला पेढे आणून देतात. त्यांच्या शिंक्यात आता काही नसावं, असं आमचं गणित सांगतं."

"त्यांना सांगितलं नाही?"

"सांगितलं. 'बहुधा' काही नसावं, असं. तो 'बहुधा' घेऊन ते घरी गेले."

हेमलताबाईंनी फोन काढला. निनाद पडद्यावर आला. मागे ऑफिसची काच होती.

"बोल, आई. पाठवतेस का?"

त्यांनी सगळं सांगितलं. कॉपी, 'हो', बंद झालेली जागा, कापूर.

"एवढे महिने मला सांगितलं नाहीस?"

"नाही सांगितलं."

"आता काय करायचं?"

"ह्या मॅडम म्हणतात, उघडता येईल. असतील तेवढे बोलतील. तू बोल त्यांच्याशी. माझं बोलून झालंय पुष्कळ."

"आणि आत काही नसलं तर?"

हेमलताबाईंनी शर्वाणींकडे पाहिलं.

"नको," निनाद म्हणाला. "उघडू नकोस, आई. ते दुसरं घे, टांगून ठेवायचं. पैसे मी भरतो. बाबा आहेत असंच समजू आपण. घाई काय आहे? मी पुढच्या महिन्यात येतो, मग बघू."

हेमलताबाईंनी मान वर केली. वडील अंथरुणाला खिळल्यापासून निनाद दर फोनला हेच वाक्य म्हणत असे, याच सुरात. तिकीट मिळत नव्हतं, रजा मिळत नव्हती, हेही खरं होतं. शेवटच्या फोनवरही तो पुढच्या महिन्यात येणार होता. वडील 'बरं' म्हणाले होते.

आता आपण दोघं मिळून वाट बघत राहू, हे त्यांना स्वच्छ दिसलं. तो तिकडे, आपण इकडे, मधे एक टांगलेलं शिंकं. दर वर्षी मुदत वाढवायची, आत कुणी बघणार नाही.

"आई? घेतेस ना ते?"

"निनाद, उठून दार लावून घे. काय विचारायचंय, ते मनात धर. पहिल्यांदा ते गॅसचं विचारतील, हो म्हण." मग त्या वळल्या. निम्म्या वयाच्या त्या बाईला त्यांनी इतका वेळ 'तुम्ही' म्हटलं होतं, ते त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

"शर्वाणी, उघड. निनाद ऐकतोय तोवर उघड."