आरशातला बटणवाला

"गिटारचं तिकीट काढावं लागेल का?"

बस सुटायच्या वेळेला असले प्रश्न विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही, नुसती भुवई वर करते. पण भुवई वर गेली आणि तिथेच राहिली. समोर एक कोट उभा होता... बाटलीसारखा हिरवा, गुडघ्यापर्यंत लांब, आणि एक बटण दुसऱ्यासारखं असेल तर शपथ! आत माणूसही होता. उंच, जरासा वाकलेला, डोळ्यांनी हसणारा.

"शेजारच्या सीटवर बसवलीत तर लागेल," मी म्हटलं. "मांडीवर घेतलीत तर लहान मूल समजून सोडून देईन."

"मग मांडीवरच घेतो. रडली तर सांभाळून घ्या, कॅप्टन."

कॅप्टन! मी चांगला दणकून गियर टाकला. पण आतल्या आरशात मला माझंच हसू दिसलं, आणि त्यामागे तो.

मी बस चालवते. शहरातून निघायचं, घाट ओलांडायचा आणि संध्याकाळी बंदराच्या गावी पोचायचं. तिथल्या एका छोट्या नाट्यगृहात तो दर गुरुवारी गायचा. शब्द त्याचे, चाल त्याची, जाहिरातीही तोच भिंतींवर चिकटवायचा. कंपनी नाही, मालक नाही. "मीच हमाल, मीच मुकादम," असं तो सांगायचा.

प्रवासभर कानांवर भलेमोठे हेडफोन. घाटाखाली बस कॉफीसाठी थांबते, तिथे एकदा मी विचारलंच, "काय ऐकता हो एवढं? एखाद्याला वाटेल परीक्षा आहे."

"परीक्षाच आहे." त्याने हेडफोन काढून हळूच माझ्या कानांवर ठेवले. आत त्याचाच आवाज, कच्चा, मध्येच खोकणारा. "जाताना मी फक्त माझंच ऐकतो. इंजिनाच्या घरघरीतून जी ओळ कानापर्यंत पोचते ती ठेवायची, बाकीची खोडायची. परतताना मात्र दुसऱ्यांची गाणी... पोटभर."

"म्हणजे माझी बस तुमची मास्तरीण?"

"फार कडक! मागच्या वेळी अख्खं कडवं नापास केलं."

मी इतकी हसले की कॉफी सांडली. ती त्याच्या कोटावर सांडली, आणि पुसता पुसता बटणांचा विषय निघाला. ज्या गावी गायचं तिथून एक बटण विकत घ्यायचं, कोटाचं एक जुनं काढायचं आणि हे लावायचं. शिंपल्याचं, लाकडाचं, एक तर चक्क बाहुलीच्या फ्रॉकचं. दुसऱ्या कुणी घातला असता तर सोंग वाटलं असतं. त्याला मात्र तो कोट शोभायचा, कारण तो कुणाला दाखवायला घातलेलाच नव्हता.

"आणि गाणी लिहायला कुठे शिकलात?"

"मामाच्या सलूनमध्ये. तिथे रेडिओ असायचा. गाणं रंगात आलं की गिऱ्हाईक उठायचं, दुसरं बसायचं आणि त्याला बातम्या हव्या असायच्या. मामा खटकन् बटण फिरवायचा! अर्धं गाणं लटकलेलं... मग रात्री अंथरुणात पडून उरलेलं अर्धं मी रचायचो."

असं काही सांगताना तो कपाकडे बघायचा, आणि मी त्याच्याकडे. मला तो आवडायला लागला होता. झालं, सांगून टाकलं. घरी वहिनीला तर मी न सांगताच कळलं. "वन्सं," ती म्हणाली, "गुरुवारीच बरी तुमची वेणी नीट बसते?"

आमची एक पद्धत पडली होती. हेडफोनमुळे त्याला थांब्यांची नावं ऐकू यायची नाहीत. म्हणून नाट्यगृह जवळ आलं की मी आरशात बघून मान हलवायची, मग त्याने उठायचं. एवढंच. पण त्या एवढ्याशासाठी मी आठवडाभर गाडी हाकायचे.

आणि मग एका गुरुवारी, कॉफी न पिताच, तो म्हणाला, "एक मोठा वाद्यवृंद आहे... जगभर फिरतो. पुढच्या गुरुवारी त्यांची माणसं मला ऐकायला येणार आहेत. पसंत पडलो तर वर्षभर बाहेर."

"अरे वा!" मी म्हटलं. मनात नव्हतं, पण वा म्हटलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? मी पडले ड्रायव्हर."

त्याने हेडफोन कानांवर चढवले. पुढच्या गुरुवारी मी निघतानाच आतला आरसा छताकडे वळवून टाकला. बघायचंच नाही! नाट्यगृहाच्या थांब्यावर दार उघडलं, माणसं उतरली, दार लावलं. नजर नाकासमोर. डेपोत पोचून इंजिन बंद केलं तेव्हा डोळे भरून आले होते, आणि ते पुसायला रुमाल सापडत नव्हता.

"कॅप्टन," मागून आवाज आला, "आज मान हलवायची राहिली."

मी दचकून वळले. तो सीटवर, गिटार मांडीवर!

"झोपला होतात?"

"नाही. जागा होतो."

"थांबा दिसला नाही?"

"दिसला ना. पण तुम्ही 'जा' म्हटल्याशिवाय मी कधी उतरलोय?"

असा संताप आला म्हणून सांगू! "अहो, ती माणसं तिथे वाट बघतायत! आयुष्यभर हमाली केलीत ती काय याच्यासाठी? उठा!"

घरी जायची माझी स्कूटर डेपोतच होती. पुढे मी, मागे तो, त्याच्या पाठीवर गिटार, आणि वरून पावसाची भुरभुर. प्रत्येक वळणावर गिटार एका बाजूला आणि आम्ही दुसऱ्या बाजूला.

"तुम्ही 'जाऊ नका' म्हणालात तर नाही जाणार," तो माझ्या कानाशी म्हणाला.

"गप्प बसा. ब्रेक ओला आहे."

ज्याला दूर जाऊ द्यायचं नव्हतं, त्याला मीच भरधाव नेऊन सोडत होते. पण त्याची गाणी मी ऐकली होती ना! ती माझ्या बसपुरती नव्हती.

तो भिजलेल्या कोटानेच रंगमंचावर गेला. मी मागे भिंतीला टेकून उभी राहिले. इंजिन नाही, घरघर नाही... त्याचा आवाज पहिल्यांदाच असा मोकळा ऐकत होते. शेजारच्या बाई डोळे पुसत होत्या. मला इतका अभिमान वाटला, जणू मीच रचलंय सगळं.

बाहेर पायऱ्यांवर तो आला. त्याचा चेहरा बघूनच कळलं.

"घेतलं?"

त्याने मान हलवली. "पुढच्या महिन्यात निघायचं. कॅप्टन... वाट बघाल?"

"मुळीच नाही," मी म्हटलं. "वाट बघत बसायला वेळ कुणाला आहे? मी रोज बस चालवणार, प्रवाशांशी भांडणार, वहिनीचे टोमणे ऐकणार. आणि तू परत आलास की तुझ्याशी लग्न करणार. तू मला आवडतोस रे, वेड्या. कळत नाही तुला?"

एवढा शब्दांचा माणूस, पण तो मटकन ओल्या पायरीवरच बसला. मग मीच शेजारी बसले आणि त्याचा हात हातात घेतला.