तुणै अण्णाचा चेहरा

तंजावूरहून पापनाशमला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये शांभवी फोनवर मराठीत बोलत होती, आणि अगदी बिनधास्त बोलत होती. तंजावूरच्या मराठी घरांतली ही जुनी खोड. भाजीवाला, डॉक्टर, शेजारीण, बघायला आलेला मुलगा... ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्यासमोरच मराठीत बोलून मोकळं व्हायचं. सगळ्या बसमध्ये तमिळ माणसं, कोणाला काय कळणार आहे?

"माझा यम आजपण शेजारींच आहे," ती मावसबहिणीला, हरिप्रियाला, सांगत होती. "झोंपला आहे, पावम्, बिचारा. रोज झोंपतो. नाहीं गं, घोरत नाहीं... झोंपेंत बरा दिसतो. नाक तेवढं मोठं आहे, पण चित्रांत छान येतं. थांब, आतां मान माझ्या खांद्यावर येईल बघ—"

"येणार नाहीं," शेजारून आवाज आला. मराठीत. डोळे मिटलेलेच होते. "नाक मोठं आहे ना, तें आडवं येतं."

शांभवीनं फोन बंद केला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. खिडकीबाहेर बघत बसावं, तर खिडकीत तोच बसलेला!

"तुम्ही... मराठी?"

"घरांत तसंच बोलतों." त्यानं एक डोळा उघडला. "मी प्राणेश. यम कशाला म्हणट्लांत तें सांगा आतां."

आता सांगणं भागच होतं. शांभवी पापनाशमच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची, आणि घरी आल्यावर एक चित्रकथा काढायची. तमिळमध्येच, कारण मराठी नुसती बोलता यायची, देवनागरी कधी शिकलीच नव्हती. लोक ती फोनवर वाचायचे आणि एकमेकांना पाठवायचे. तिचा नायक म्हणजे साक्षात मरण. पण रेडा नाही, गदा नाही. चौकडीचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, डोळ्यांवर झोप. माणसाची वेळ झाली की हा दारात येतो, ख्यालीखुशाली विचारतो, हात धरून गावाबाहेरच्या थांब्यापर्यंत नेतो. गाडीत बसवून देतो आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभा राहतो. त्याचं नाव तुणै अण्णा. तुणै म्हणजे सोबत.

सगळं जमलं होतं, फक्त चेहरा सापडत नव्हता. मग एके दिवशी बसमध्ये हा दिसला. इतका दमलेला आणि तरी इतका भला चेहरा तिनं पाहिला नव्हता. तिनं तो उचलला आणि मरणाला देऊन टाकला. विचारायचं वगैरे तिच्या मनातही आलं नाही.

प्राणेशनं आता दोन्ही डोळे उघडले. "म्हणजे तें तुम्ही!"

तो परिचारक होता. बरं न होणाऱ्या दुखणाईतांच्या घरोघर जायचा. जखमा धुवायच्या, अंग पुसायचं, कळ थांबवणारं औषध द्यायचं. त्रिभुज प्रदेशातल्या या बाजूच्या गावांत हे काम करणारा तो एकटाच.

"दिवाळीपासून काय झालं आहे मला कळेना," तो म्हणाला. "ओरत्तनाडूकडे एक पोरगं मला बघून ओरडत घरांत पळालं. एक म्हातारी हात जोडून म्हणट्ली, आज नको तंबी, नातीचं लग्न होऊं दे, मग ये. शेवटीं एकानं फोन दाखविला. त्यांत मी! माझाच शर्ट, माझीच पिशवी."

शांभवीला हसू आवरेना. तोही हसला. मग हसायचा थांबला.

"हंसूं येतं, खरं आहे. पण पापनाशमला बाळकृष्णराव म्हणून आहेत. आपलेच. हाडांत कर्करोग. त्यांची लेक कामाक्षी मला दारांतूनच परतविते. आप्पा तुम्हांला बघून जीव सोडतील म्हणते. मी बाहेर उभा, औषध माझ्या पिशवींत, आणि ते आंत कण्हतात. रस्त्यापर्यंत ऐकूं येतं."

"औषध दारांतून देतां येत नाहीं?"

"माणूस बघून मात्रा ठरवायची असते. न बघतां कशी देऊं?"

पोंगल होऊन गेला होता, कापणी संपत आली होती, आणि कापलेलं भात लोकांनी रस्त्यावरच वाळत घातलं होतं. बस एका बाजूनं हळूहळू चालली होती. गवताचा उबदार वास आत येत होता. शांभवीला तो वास नेहमी आवडायचा. आज तिला कसलाच वास नको होता.

"मला दुसरं कांहीं नको," प्राणेश म्हणाला. "चेहरा बदला. नाहीं तर मी चेन्नईला जातों. तिथल्या एका आसपत्रींत वॉर्डाचं काम मिळतं आहे. वेळेवर जायचं, वेळेवर झोंपायचं. तिथें मला कोणी ओळखत नाहीं."

"बदलतें," शांभवी म्हणाली. "नक्की बदलतें."

पण ते काही सोपं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं कागद पुढे केला. झुपकेदार मिशा.

"हा मीच. मिशा लाविलेला."

मग चष्मा आला. "हा मी, चष्म्यांतला." मग टक्कल आलं. ते त्यानं बराच वेळ न्याहाळलं. "हा मी, म्हातारपणीं. ह्याला तर कुत्रंही घरांत घेणार नाहीं."

"काय करूं? तुमचा चेहरा हातांत बसला आहे. निघत नाहीं."

"काढायचा प्रयत्न तरी करितां कां?"

शांभवी पेन्सिलीचं टोक बघत राहिली. कारण खरं सांगायचं तर... नव्हती करत. कागद घेऊन बसलं की तिला तोच काढावासा वाटायचा. कपाळावरची आठी, खालच्या ओठाची कड, झोपेत सैल पडलेला हात. उघडे डोळे तेवढे तिनं अंदाजानं काढले होते, आणि आता रोज शेजारी बसून बघितल्यावर तिला कळलं होतं की अंदाज साफ चुकला आहे. खरे डोळे फार चांगले होते.

"अण्णा, जरा इकडे बघा ना—"

"अण्णा म्हणूं नका."

"कां? सगळं गांव तुणै अण्णा म्हणतं."

"गांवाला म्हणूं दे." तो खिडकीबाहेर बघत होता. "तुम्ही नको म्हणूं."

तंजावुरात एकदा का एखाद्याला अण्णा म्हटलं की तो जन्माचा भाऊ होऊन बसतो, हे शांभवीला चांगलं ठाऊक होतं. पुढे पापनाशम येईपर्यंत ती गालातल्या गालात हसत होती, आणि ते त्याला काचेत दिसत होतं.

तो आता बसमध्ये झोपत नसे. त्याची दिवसातली तेवढीच काय ती निवांत झोप, तीही तिनं खाल्ली होती. "झोंपा थोडं," ती म्हणायची. "झोंपलों की तुम्ही फोनवर काय बोलाल त्याचा नेम नाहीं," तो म्हणायचा. डोळ्यांखालची वर्तुळं मात्र रोज गडद होत होती.

मग एका शुक्रवारी तो नुसताच बसून राहिला. तिनं कागद काढला, त्यानं बघितलाही नाही.

"काल परत गेलों होतों बाळकृष्णरावांकडे," तो म्हणाला. "कामाक्षी रडत होती, पण दार उघडलं नाहीं. मी दमलों, शांभवी. किती जणांच्या उशाशीं बसलों. शेवटीं घरचे हात जोडतात आणि दार लावून घेतात. तें चालतं, तेवढं समजतं मला. पण आतां आधींच लावतात... सोमवारीं मी चेन्नईला जातों."

त्यानं पहिल्यांदाच तिला नावानं हाक मारली होती, आणि तीही जाण्याची बातमी सांगायला. तिला तो जायला नको होता. चेहरा नको, चित्र नको, वाचणारे लोक नकोत, हा एवढा माणूस इथे राहिला पाहिजे. पण ज्याचं काम आपणच घालवलं त्याला राहा म्हणायला तोंड कुठून आणायचं?

रविवारी सकाळी ती पुन्हा कागद घेऊन बसली. समोरच्या किराणावाल्याचा चेहरा घेतला, खोडला. शाळेच्या शिपायाचा घेतला, तोही खोडला. ज्याचा चेहरा घेऊ त्याच्या तोंडावर उद्या दारं लागणार. मरणाला द्यायला कोणाचा चेहरा आपल्या मालकीचा असतो?

तिनं भिंतीवरचा आरसा काढून टेबलावर ठेवला.

दुपारपर्यंत नवा भाग तयार झाला. तुणै अण्णा थांब्यावर बसलेला आहे, पाय उचलत नाहीत. तिथे एक बाई येते आणि त्याच्या खांद्यावरची पिशवी काढून घेते. 'तू घरी जा, झोप. आता मी नेते सगळ्यांना.' कुरळे केस, हनुवटीवर तीळ, बोटांना शाई. तुणै अक्का. हुबेहूब शांभवी.

संध्याकाळपर्यंत तो भाग सगळीकडे फिरला. तिची आई भुवना फोन हातात धरून धावत आली.

"अय्यो, हें काय केलंस! कुंभकोणमचे लोक तुला बघायला येणार होते आज!"

"मग?"

"मग काय? येत नाहीं म्हणट्ले! यमाला सून करून कोण घेऊन जाईल?"

शांभवीला वाईट वाटायला हवं होतं. तिनं अंगावर पांघरूण ओढलं आणि गाढ झोपली.

सोमवारी बसस्टँडवर प्राणेश उभा होता. पायाशी मोठी बॅग, खांद्याला ती कापडी पिशवी, हातात फोन.

"हें काय करून ठेविलंत?" तो चिडला होता. चिडलेला ती पहिल्यांदाच बघत होती.

"चेहरा बदलला. तुम्हींच सांगट्लं होतं."

"तुमचा द्या म्हणट्लं नव्हतं मी!"

"दुसऱ्याचा द्यायचा म्हणजे दुसऱ्याचं दार बंद करायचं. तें एकदां केलं, पुरे झालं." ती त्याच्या बॅगेकडे बघत होती. "तुमची गाडी?"

"दुपारीं आहे." तो जरा घुटमळला. "त्याआधीं एकदां... शेवटचं... बाळकृष्णरावांकडे जाऊन येतों."

"मी पण येतें," शांभवी म्हणाली.

पापनाशमला कालव्याच्या कडेला ते घर होतं. कण्हणं खरंच रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. प्राणेशनं दार वाजवलं आणि नेहमीच्या सवयीनं एक पाऊल मागे सरला.

कामाक्षीनं दार अर्धं उघडलं. रात्र रात्र जागून तिचे डोळे सुजले होते. तिनं प्राणेशकडे बघितलं, आणि मग त्याच्या मागे उभ्या असलेल्या शांभवीकडे. कुरळे केस. हनुवटीवरचा तीळ. तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"तुम्ही आंत येऊं नका," ती शांभवीला म्हणाली. "पाया पडतें, आज नको." आणि प्राणेशची बाही धरून तिनं त्याला उंबऱ्याच्या आत ओढलं. "तूं ये तंबी. लवकर ये. तूं आंत आलास की मी दार लावतें!"

दार लागलं. आतून कडी सरकली.

शांभवी बाहेरच्या ओट्यावर बसली. सायकलवरून चाललेल्या एका म्हाताऱ्यानं तिला बघितलं, नीट निरखलं, आणि सायकल रस्त्याच्या पलीकडे घेतली. ती त्याच्याकडे बघून गोड हसली. त्यानं पायडल जोरात मारलं.

आतलं कण्हणं चालूच होतं. मग हळूहळू कमी झालं. मग थांबलं. शांभवी उठून उभी राहिली. काही वाईट तर नाही ना झालं? तेवढ्यात आतून एक थकलेला, कुरकुरणारा आवाज आला, "कामाक्षी, फॅन लाव गे. किती उकडतं आहे!"

शांभवी परत खाली बसली आणि ओढणीत तोंड घालून रडली.

प्राणेश बाहेर आला तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. तो तिच्याशेजारी बसला.

"झोंपले," तो म्हणाला.

"चेन्नईची गाडी चुकेल तुमची."

"चुकूं दे. उद्यां मात्रा बघायला यायचं आहे. परवांही." तो हात पुसत राहिला. हात कोरडे होते, तरी पुसत होता. "कुंभकोणमचे लोक आले नाहींत म्हणे."

"तुम्हांला कोणी सांगट्लं?"

"आपल्या लोकांत सांगावं लागतं कां?"

"मग ऐका. यमाला कोणी सून करून घेत नाहीं."

"माझी आई घेईल," प्राणेश म्हणाला. मान खाली, कानाच्या पाळ्या लाल. "दिवाळीपासून ती यमाची आईच आहे. तिला सवय झाली आहे... विचारूं तिला?"

शांभवीनं त्याच्याकडे बघितलं. दमलेला, झोपेला आलेला, सकाळपासून उपाशी असावा. तिनं शाईनं डागाळलेला हात त्याच्या हातात दिला.

"विचारा," ती म्हणाली. "आणि मी येईन तेव्हां दार उघडं ठेवायला सांगा."