मुळाचं दुसरं टोक

माझी मावशी खोटं बोलत नाही. त्यासाठी लागणारी सवड तिला आयुष्यात कधी मिळालीच नाही. म्हणून तिच्या बाबतीत जे घडलं, ते जसंच्या तसं सांगते.

रात्र नव्हती. लख्ख दुपार होती. जागा म्हणजे दातांच्या दवाखान्यामागची छोटीशी बाग.

मावशी आणि काका लोकांच्या बागा करायचे. वाळलेली झाडं मुळासकट काढणं हे त्यांचं खास काम. काका कुदळ चालवायचे, मावशी मूळ धरायची. सैल मुळावरून कुदळ नुसती उडते. कुणीतरी ते ताणून धरलं, तरच घाव बसतो. मावशी धरायची आणि तयार झाली की मुळाला एक हलका हिसका द्यायची. ती त्यांची खूण. मग तिच्या बोटांपासून वीतभर अंतरावर कुदळ पडायची. तिने कधी हात मागे घेतला नाही.

काका गेले. कुदळ मावशीच्या हातात आली.

मूळ धरायला मात्र कुणी उरलं नाही.

तरी ती कामं घेत राहिली. पायाने मूळ दाबायची, वाकायची, घाव घालायची. दुखणं हाडात मुरलं होतं. लेक फोनवर रोज मागे लागायची, की आता पुरे, इकडे ये, नुसती बसून राहा. शेवटी मावशीने शब्द दिला. दवाखान्यामागचा खुंट तेवढा काढायचा आणि कुदळ कायमची खाली ठेवायची.

त्या दिवशी डॉक्टर खिडकीतून म्हणाले, "मावशी, आपला धंदा एकच की. मी फक्त भूल देऊन उपटतो."

"मग थोडी मलाच द्या," मावशी म्हणाली. "झाडाला काही दुखत नाही."

डॉक्टर हसत जेवायला घरी गेले. दवाखाना बंद झाला.

मावशीने खुंटाभोवती खड्डा केला. मुळं उघडी पडली. खुंटातून निघून ती खड्ड्याच्या पलीकडच्या मातीत शिरत होती. पहिल्या मुळावर तिने कुदळ घातली... उडाली. पुन्हा घातली. पुन्हा उडाली. ती खड्ड्यातच टेकली. डोळे आपसूक मिटले.

मग माती सरकल्याचा आवाज आला...

डोळे उघडले तर मूळ ताठ झालं होतं.

पलीकडच्या मातीतून कुणीतरी ते ओढून धरलं होतं.

आणि त्याला एक हलका हिसका बसला...

मावशी सांगते, ती भ्यायली नाही. भ्यायलाही अंगात त्राण लागतं. ती उठली आणि घाव घातला. खाडकन मूळ तुटलं.

शेजारचं मूळ सावकाश ताठ झालं.

मग त्याच्या पलीकडचं...

काम भराभर होत होतं. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. इतकी वर्षं ती धरणारी होती. घाव घालणाऱ्याला काय सोसावं लागतं, हे तिला त्या दुपारी कळलं. काका तिच्याकडे न बघता कुदळ का उचलायचे, तेही कळलं.

एकच जाड मूळ राहिलं. ते तुटलं की काम संपणार होतं.

मावशीने कुदळ टेकवली. "अहो," ती म्हणाली, "मी लेकीकडे चालले. फार दमले हो. आता सोडा."



मूळ सैल झालं नाही. उलट हिसका बसला. आधीपेक्षा जोरात...

तिने कुदळ उचलली. नेम चुकला. घाव भलतीकडे, थेट मातीच्या भिंतीलगत बसला. मूळ तुटलं. पलीकडचं टोक सापासारखं सर्रकन आत गेलं.

आणि मातीआडून आवाज आला. कळ गिळताना कुणी श्वास आत ओढावा, तसा...

"लागलं का हो?" मावशीने विचारलं.

ती नखांनी माती उकरत राहिली. डॉक्टर परतले तेव्हा तिची बोटं सोललेली होती. आत त्यांना माती सोडून काही दिसलं नाही. तुटलेल्या मुळांची पलीकडची टोकंसुद्धा नव्हती.

मावशी लेकीकडे राहायला गेली. कुदळ तिने तिथेच टाकली.

मागच्या आठवड्यात मी तिला भेटायला गेले. ती आतल्या खोलीत धुतलेल्या चादरीची घडी घालत होती. मोठी, दोघांच्या पलंगाची चादर. तिला एकटीला आवरायची नाही, म्हणून मी दुसरं टोक धरायला पुढे झाले.

"राहू दे गं," ती म्हणाली.

मी थांबले.

दोन कोपरे मावशीच्या हातात होते. समोर कुणी नव्हतं, तरी चादर ताठ होती, जमिनीला टेकत नव्हती...

मावशीचा चेहरा घाबरलेला नव्हता. आनंदीही नव्हता. फक्त दमलेला होता, त्या बागेतून आली तेव्हा होता तितकाच.

"मी सोडा म्हटलं होतं," ती हळूच म्हणाली. "तुझ्या काकांनी माझं कधी ऐकलंय?"

मला हसायला हवं होतं. मी बाहेर येऊन दार लोटून घेतलं.