सहाव्या भेटीचा कागद

"माझ्या मेलेल्या बायकोची खोटी सही केलीय त्या मुलीनं. मला तिला सगळ्यांसमोर उघडं पाडायचंय."

दिलीप कारखानीसांनी हातातली फाईल टेबलावर आपटली. पाया लेबार भागातल्या त्या लहानशा ऑफिसात खासगी तपासाची कामं घेणाऱ्या सुलेखा दिघे चहा ढवळत होत्या. ढवळायच्या थांबल्या नाहीत.

"बसा, दिलीपराव. मुलगी कोण?"

"अनुया. बालवाडीत शिक्षक-सहायक व्हायचं प्रशिक्षण घेते. शैला तिची मेंटर होती. शैलाला जाऊन दोन महिनेसुद्धा झाले नाहीत, आणि..."

ते खुर्चीत बसले.

हकिगत सरळ होती. प्रशिक्षणाच्या शेवटी उमेदवाराचे तीन टप्पे तपासले जात: वर्षभराच्या कामाची फाईल, तासभर प्रत्यक्ष वर्गातलं काम आणि मग फाईलवर परीक्षकाशी चर्चा. फाईलमध्ये मेंटरनं वर्गात सहा वेळा येऊन केलेल्या नोंदी लागत. एक जरी कमी असली, तरी फाईल परत. अनुयाच्या फाईलमधली सहावी नोंद सात फेब्रुवारी २००७ची होती. खाली शैलाची सही.

"तीन फेब्रुवारीपासून शैला हॉस्पिटलात होती," दिलीप म्हणाले. "शोकसभेत मी ते बोललो आणि परीक्षक सौमित्र चपापले. त्यांनीच तारीख पकडली. आज तीन वाजता चौकशी आहे. अनुयाला कायमचं बाद करणार. केलंच पाहिजे!"

"ती हॉस्पिटलात आहे हे कोणाला माहीत होतं?"

"कोणालाच नाही. शैलाची सक्त ताकीद होती. पाच तारखेला मी प्रशिक्षण केंद्रात फोन करून एवढंच सांगितलं की ती या आठवड्यात येणार नाही."

"फोन कोणी घेतला?"

"होती कोणीतरी बाई. माझं लक्ष होतं का तेव्हा?"

सुलेखांनी दिलीपनी आणलेली फाईल उघडली. हॉस्पिटलची बिलं, रिपोर्ट आणि मध्येच निळ्या बसचं एक चित्र.

"हे?"

"नर्सनी पलंगाला चिकटवलं होतं. चांगल्या होत्या बिचाऱ्या."

सुलेखांनी चित्र उलटून मागची बाजू पाहिली, परत ठेवलं आणि पर्स उचलली.

केंद्र दोन रस्ते सोडून होतं. समन्वयक सविता गुप्ते यांनी दिलीपना खुर्ची दिली, पाणी दिलं.

"काका, मला तर तोंड दाखवायची लाज वाटतेय. शैलाताईंची सही! फाईल द्यायची तारीख जवळ आली, सहावी भेट राहिली होती, तिनं स्वतःच टाईप करून सही मारली. दुसरं काय?"

"मेंटर आली नाही तर?" सुलेखांनी विचारलं.

"तर मी जाते. नियमच आहे. पण मला कळवायला तर हवं!"

"फाईल थेट परीक्षकाकडे जाते?"

"नाही, आधी माझ्याकडे. मी पानं मोजून शिक्का मारते. दोन दिवस होती इथे."

सुलेखांनी सहावी नोंद मागून घेतली आणि मोठ्यानं वाचली. "'यिंग रडू लागली. अनुयाने तिला माशांच्या टाकीपाशी नेले. मासे पाहत यिंग शांत झाली.' छान लिहिलंय."

"हो, ती मासे बघूनच शांत होते. मी स्वतः पाहिलंय," सविता म्हणाल्या. "वर्षाच्या सुरुवातीला गेले होते मी एकदा. लिहिणारीला वर्ग चांगला माहीत होता, एवढं खरं."

बाहेर पडताच दिलीप म्हणाले, "बघा! वर्ग कोणाला माहीत? अनुयालाच. संपलं की!"

"चला, बुकित पंजांगला तिच्या बालवाडीत जाऊ," सुलेखा म्हणाल्या.

बालवाडी एका उंच ब्लॉकच्या तळमजल्यावर होती. वर्गशिक्षिका अरुणा दारातच भेटल्या आणि दिलीपना पाहून एकदम उसळल्या.

"तुम्हीच ना फोनवर तिला चोर म्हणालात? तीन दिवस जेवली नाहीये ती पोर. शाळेनं तिला नोकरी देऊ केलीय, सर्टिफिकेट मिळालं तर. नाही मिळालं, तर सोमवारपासून तिनं यायचं नाही. आणि यिंगपाशी कोण बसणार? तुम्ही?"

"खोटी सही करणारी नकोच मुलांपाशी," दिलीप म्हणाले.

"सात फेब्रुवारीला इथे कोण आलं होतं?" सुलेखांनी मध्येच विचारलं.

"कोणीच नाही. हेच मी सवितांनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्ही तुमच्या अनुयाला वाचवताय."

भिंतीवर चित्रं लावली होती. त्यातली सात-आठ नुसत्या निळ्या बसची.

"यिंगची," अरुणा म्हणाल्या. "दुसरं काही काढतच नाही. बोलतही नाही अजून. प्रत्येक चित्रामागे अनुया तारीख घालते, कधी काय फरक पडला ते कळावं म्हणून."

सुलेखा वर्गभर नजर फिरवत होत्या. "मासे कुठे दिसत नाहीत?"

जमिनीवर बसलेला एक चिमुरडा मान वर करून म्हणाला, "फिश गो ऑफिस ऑलरेडी, ला!"

अरुणांना त्या स्थितीतही हसू आलं. "जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ऑफिसात हलवली माशांची टाकी. पंपाच्या आवाजानं यिंग बिथरायची. टाकीपाशी जाऊन गप्प उभी राहायची, आम्हाला वाटायचं रमलीय. शैलाताईंनी ओळखलं, ती घाबरून थिजतेय म्हणून."

अनुया मागच्या खोलीत खेळणी पुसत होती. पस्तिशीची, डोळे सुजलेले. दिलीपना पाहून उठून उभी राहिली.

"शैलाताई कुठे होत्या हे तुम्हाला माहीत होतं?" सुलेखांनी विचारलं.

"हो. त्यांनीच बोलावलं होतं. सहा तारखेला दुपारी गेले होते मी."

"खोटं!" दिलीप ओरडले. "मी रोज तिथेच होतो!"

"तुम्ही घरी अंघोळीला गेला होतात, काका. त्या म्हणाल्या, यांना सांगू नकोस, मी कोणाला भेटले की चिडतात. फाईलमध्ये मी पाचच नोंदी दिल्या होत्या. सहावी राहिलीय हे सविता मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, मी बघते."

दिलीपनी तोंड फिरवलं. एकही शब्द त्यांना खरा वाटला नाही.

तीन वाजता केंद्रात सगळे जमले. परीक्षक सौमित्र यांच्यासमोर अनुयाची फाईल होती.

"खोटी नोंद करणाऱ्यानं दोन चुका केल्या," सुलेखा उभ्या राहूनच बोलल्या. "पहिली, तारीख. त्या दिवशी शैलाताई हॉस्पिटलात होत्या. दिलीपराव, ते चित्र काढा. मागे काय आहे?"

दिलीपनी चित्र उलटलं. यिंगचं नाव. सहा फेब्रुवारी. या अक्षराकडे त्यांनी इतके दिवस पाहिलंही नव्हतं.

"प्रत्येक चित्रामागे तारीख घालायची अनुयाची पद्धत आहे. सहा तारखेला काढलेलं चित्र हॉस्पिटलात पोचलं, म्हणजे कोणीतरी ते वर्गातून नेलं. नर्सनी नव्हे. शैलाताई कुठे आहेत हे अनुयाला ठाऊक होतं. मग दुसऱ्याच दिवशी त्यांना वर्गात हजर दाखवण्याइतकी ती मूर्ख आहे का?"

सौमित्रनी नोंदीचं पान पुढे ओढलं.

"दुसरी चूक, मासे. सात तारखेला वर्गात टाकीच नव्हती. आणि असती, तरी अनुयानं किंवा अरुणांनी यिंगला तिच्याजवळ नेलं नसतं. ती टाकीला घाबरायची. मासे बघून ती शांत होते असं फक्त एकाच माणसाला वाटतं. वर्षाच्या सुरुवातीला एकदा आलेल्या आणि पुन्हा न फिरकलेल्या."

सविता पांढऱ्या पडल्या.

"मेंटर येणार नाही असा फोन आला की तुम्ही जायचं, हा नियम तुम्हीच सांगितलात, सविताबाई. फोन पाच तारखेला आला होता. तुम्ही गेला नाहीत. आणि फाईल दोन दिवस तुमच्याकडेच होती. स्वतःचं नाव का नाही घातलंत?"

उत्तर सौमित्रनी दिलं. त्यांनी केंद्राचं हजेरीपुस्तक उघडलं होतं. "त्या आठवड्यात रोज सकाळी या इथे शिकवत होत्या. वीस जणांच्या सह्या आहेत. स्वतःचं नाव घातलं असतं, तर लगेच पकडल्या गेल्या असत्या."

"मला वाटलं, साधा ताप असेल," सविता पुटपुटल्या. "शैलाताई परत आल्या की सांगणार होते. त्या समजून घेतील असं वाटलं. अनुया पास होण्यासारखीच होती, तिचं नुकसान नको म्हणून..."

"आणि पकडलं गेल्यावर तिच्यावर ढकललंत!" दिलीप उभे राहिले. "माझी बायको त्या पोरीच्या वर्गात पाच वेळा गेली. पाचव्या वेळी चालवत नव्हतं तिला. तरी गेली, कारण बघितल्याशिवाय लिहायचं नाही म्हणायची. तुम्ही एसीत बसून लिहिलंत. तिच्या नावानं!"

"काका, मी तुमची माफी—"

"माझी नको. तिची मागा."

सविता टेबलाकडे पाहून काहीतरी म्हणाल्या.

"तिच्याकडे बघून."

सवितांनी मान वर केली. कसेबसे दोन शब्द बोलल्या. अनुयानं ते नुसते ऐकून घेतले. ती सौमित्रकडे वळली.

"सर, सहावी भेट अजून झालेलीच नाही."

"उद्या सकाळी नऊला मी येतो. सहावी नोंद मी करीन. मग लगेच तुमचा परीक्षेचा तास आणि दुपारी चर्चा. चालेल?"

"चालेल."

ती फाईल उचलून निघाली. दिलीप दारात आडवे उभे होते. हटले नाहीत. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले,

"अनुया, मी तुला चोर म्हणालो. चूक माझी."

"हो, काका," ती म्हणाली. "तुमचीच."

मग दिलीप बाजूला झाले.