बिल्ला आणि तारेचा आकडा

"माझे बाबा पलटणीतून पळाले होते का, एवढंच शोधून द्या," मंजुळा कदम म्हणाली आणि रुमालाची गाठ सोडून तिनं एक पितळी बिल्ला अण्णा पेडणेकरांच्या टेबलावर ठेवला.

रामूनं कपबशी खाली ठेवली. धर्मा कदम आणि पळपुटा? मंजुळाचा बाप धर्मा आणि रामू यांनी एकाच साच्यावर, म्हणजे एकाच मागावर, तीस वर्षं कापड विणलं होतं. रामूची पाळी सुटली की धर्मा उभा राहायचा. साचा तोच, आडवं सूत नेणारे धोटे तेच. ब्याऐंशीच्या संपाच्या दुसऱ्या वर्षी धर्मा गेला, तेव्हा खांदा द्यायला रामू पहिला पुढे झाला होता.

अण्णा त्याच गिरणीत टाइमकीपर होते. दुसऱ्याच्या नावावर दारातून आत शिरणारा माणूस ते चालीवरून ओळखत. गिरणीला टाळं लागलं आणि नजर रिकामी राहिली, म्हणून अण्णा आता लोकांची हरवलेली माणसं नि कागद शोधून देत. रामू सोबतीला असे. त्याचा उपयोग काय, हे दोघांनाही नीट सांगता आलं नसतं.

"पहिल्यापासून सांग, पोरी," अण्णा म्हणाले.

लग्न आठ दिवसांवर आलेलं. महिन्यापूर्वी वरळी कोळीवाड्यातल्या मासेवाल्या राधाबाईनं, धर्मानं तिच्याकडे ठेवलेली एक पत्र्याची पेटी आणून दिली. आत हा बिल्ला आणि वर्दीतल्या तरुण धर्माचा फोटो. होणाऱ्या नवऱ्याचे, म्हणजे उत्तमचे काका मराठा पलटणीतले निवृत्त हवालदार. त्यांनी जुन्या सोबत्यांत विचारलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला धर्मा कदम कुणालाच ठाऊक नव्हता. काका म्हणाले, लपवतो तो पळालेला असतो, आणि पळपुट्याची मुलगी आम्हाला नको.

"आई तर म्हणते, बाबा लष्करात नव्हतेच, बिल्ला समुद्रात टाक. अण्णा, माझा जीव थाऱ्यावर नाही. लग्न मोडलं तर मोडो. पण बाबांना काय म्हणून आठवायचं, ते कळू दे."

रामूनं बिल्ला उचलला. मधोमध काहीतरी उंच, वर निमुळतं होत गेलेलं. "हे तर गिरणीचं धुरांडं! गिरणीचाच बिल्ला आहे, दुसरं काय?"

"गिरणीवाले धुरांडं टोपीला लावत नाहीत रे." अण्णांनी बिल्ल्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. "इथे अक्षरं होती. कानशीनं घासलीत. बाबांचा अलीकडचा फोटो आहे?"

मंजुळानं पर्समधून काढला. साठीचा धर्मा तोंडभर हसत होता.

"रामू, तुझे दात किती राहिले?"

"पुढचे चार गेले. का?"

"उगीच. मंजुळा, तुमचं गाव कुठलं?"

"रत्नागिरीकडे, एवढंच माहीत. गणपतीला, शिमग्याला अख्खी चाळ गावी जायची. आम्ही कधीच नाही. बाबा म्हणायचे, भाऊबंदकी आहे."

दुपारी दोघं कोळीवाड्यात गेले. राधाबाई ओट्यावर सुके बोंबील निवडत होती.

"माझी पाटी त्यांच्या चाळीत जायची, तवापासून वळख," ती म्हणाली. "पेटी माझ्याकडंच असायची. वर्साला एकदा यायचा. पेटी उघडायची, बिल्ला रुमालात बांधायचा, चालला. दुसऱ्या दिशी परत आनून ठेवायचा."

"वर्षातून कधी?"

"साहेबांचं नवं वर्स लागतं ना, त्याच्या आदल्या सांजेला. पुन्याकडं जातो म्हनायचा. मी कधी इचारला नाय. इचारलं असतं, तर त्यानं पेटी दुसरीकडं नेली असती."

"चाळीत का ठेवली नाही?"

राधाबाईनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "चाळीत समदे आपलेच असतात ना, म्हनून."

परतताना अण्णा बोटांवर काहीतरी मोजत होते. "पहिल्या जानेवारीला धर्मा दरसाल गैरहजर," ते एकदम म्हणाले. "हजेरीपट मीच लिहायचो. एरवी ताप असला तरी यायचा."

"एकदाच जास्त दिवस आला नाही," रामू म्हणाला. "एक्कावन साली. भिवाचा राडा झाला त्यानंतर आठ दिवस."

"भिवाचा राडा म्हणजे? मी तेव्हा गिरणीत लागलो नव्हतो."

"जुनी गोष्ट. एकाला मारून खात्यातून हाकललं." रामूला त्यावर बोलायचं नव्हतं. "धर्मा आठ दिवसांनी आला, तो हा घेऊन." त्यानं खिशातून तारेचा वाकवलेला आकडा काढला. "आम्ही धोट्याच्या भोकाला तोंड लावून सूत ओढायचो. कापसाच्या धुरळ्यानं दात गेले ते त्यातच. हा पठ्ठ्या मात्र त्या दिवसापासून आकड्यानं ओढायचा. म्हणायचा, दात दुखतो. संप लागल्यावर मला देऊन टाकला. म्हणाला, उरलेले तरी सांभाळ."

अण्णा भर रस्त्यात थांबले. "रामू, तू सगळं सांगितलंस आणि तुलाच काही कळलं नाही."

रामूनं आकडा परत खिशात टाकला.

संध्याकाळी कदमांच्या खोलीत मंजुळा होती, तिची आई तुळसा होती आणि दाराशी उत्तम उभा होता. मंजुळानंच त्याला बोलावलं होतं. जे काय असेल ते त्याच्यासमोर, असा तिचा हट्ट.

"वहिनी," अण्णा तुळसाला म्हणाले, "बोलू, की आलो तसा जाऊ?"

तुळसानं लेकीचा उतरलेला चेहरा पाहिला. "बोला," ती म्हणाली.

"पळालेला माणूस पलटणीचा बिल्ला जपत नाही. धर्मा तो दर वर्षी बाहेर काढायचा, म्हणजे त्याला त्याची लाज नव्हती. भीती होती, ती मुंबईत कुणी पाहील याची. अक्षरं घासली, पण चित्र ठेवलं. हे धुरांडं नाही. पुण्याकडे, पहिल्या जानेवारीला, हजारो माणसं ज्याला वंदन करायला जातात, तो हा कोरेगावचा विजयस्तंभ. लढाईच्या काळात तो एकाच पलटणीच्या टोपीवर होता. महार पलटणीच्या. काकांनी चौकशी केली ती दुसऱ्याच दारात."

मंजुळानं बिल्ला उजेडाकडे धरला.

"कदम आडनाव सगळ्या जातींत असतं. गिरणीत कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर साचेखात्यात पाऊल टाकता आलं नसतं. एकाचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडी जातो, म्हणून त्या खात्यात महाराला उभं करत नसत. एक्कावन साली भिवाचं असंच बिंग फुटलं आणि त्याला मारून हाकललं. आठ दिवसांनी धर्मा आकडा घेऊन आला. दात दुखतो म्हणाला. साठीला बत्तिशी शाबूत असलेल्या माणसाचा कुठला दात दुखत होता?"

तुळसा उठली. देव्हाऱ्यामागून तिनं घडी पडलेला कागद काढून लेकीच्या हातात दिला. सेहेचाळीस साल. पलटणीतून सन्मानानं मुक्त. वर्तणूक उत्कृष्ट.

"शपथ घातली होती त्यांनी," ती म्हणाली. "तुझं लग्न सुखरूप पार पडेपर्यंत बोलायचं नाही."

मंजुळानं कागद दोनदा वाचला. ती रडत होती, पण महिनाभरात पहिल्यांदाच तिचे खांदे सैल झाले होते. बिल्ला तिनं पदराला लावला.

"भिवाच्या कानशिलात पहिली मी मारली होती," रामू म्हणाला. आवाज आपलाच आहे, हे त्याला पटेना.

"ठाऊक आहे," तुळसा म्हणाली. "त्याच दिवशी घरी येऊन तार वाकवत बसले. मी म्हटलं, इतकी भीती वाटते तर सोडा ते खातं. तर म्हणाले, भीतीचं राहू दे. उद्या कधी कळलंच, तर रामूला किळस वाटू नये."

रामूनं खिशातून आकडा काढला. तीस वर्षं, दर पाळीला तोच धोटा.

"मी काकांकडे जाते," मंजुळा म्हणाली. "कागद घेऊन. पळालेले नव्हते, हे सांगेन आणि पलटण कुठली, तेही सांगेन. उत्तम, तू येणार असशील तर ये."

उत्तमनं वाकून तिच्या चपला सरळ करून ठेवल्या. "काका ओरडतील," तो म्हणाला. "चल."

दोघं जिना उतरून गेले. मागोमाग अण्णा आणि रामू खाली आले. कोपऱ्यावर रामू थांबला. आकडा त्याच्या मुठीत रुतला होता.

"अण्णा, भिवाचा पत्ता लागेल?"

"तेहेतीस वर्षं झाली. असला, तर लागेल." अण्णांनी वही काढली. "काम कुणाचं म्हणून लिहू?"

"माझं," रामू म्हणाला.