दोन ठोक्यांचं उत्तर

आई गेल्यावर घरचा गणपती कोणाकडे बसणार, यावरून आम्हा दोघा भावांत तीन वर्षं अबोला होता. जगदीशदादाचा वडाळ्याला सतराव्या मजल्यावर ऐसपैस फ्लॅट. माझी लालबागच्या चाळीत दहा बाय बाराची खोली. तरी त्या वर्षी दादा नमला. बावीस माणसं माझ्या दारात चपला काढणार होती आणि दादाला माझ्या सतरंजीवर मांडी घालावी लागणार होती. मला काय मिळणार होतं म्हणाल, तर एवढंच. पण त्या एवढ्याशासाठी मी काय करीन, हे मलाही ठाऊक नव्हतं.

शेजारच्या खोलीत गुणाजीकाका. गिरणीतून निवृत्त, एकटे, ऐंशीच्या घरातले. माझ्या बायकोने, अक्षदाने, त्यांना सांगून ठेवलं होतं, "काका, काही लागलं तर काठीने भिंतीवर तीनदा वाजवा. मी दोनदा वाजवलं की समजा, येतेय."

काका हसायचे. "गो अक्षदा, ह्यो बरो टेलिफोन. बिल नाय, काय नाय."

हरतालिकेच्या दुपारी अक्षदा फुलं आणायला दादरला गेली होती. मी मखराला झालर लावत होतो. भिंतीवर तीन ठोके पडले. थोड्या वेळाने परत तीन.

मी हिशोबी माणूस. गेलो, तर डॉक्टर, रुग्णवाहिका, जिन्यात गर्दी. काही बरंवाईट झालं, तर मयत उठेपर्यंत मजल्यावर चूल पेटणार नाही आणि मूर्ती कारखान्यातून थेट वडाळ्याला जाईल. वर दादा म्हणणार, 'तरी मी सांगत होतो.'

मी स्पीकरवरच्या आरत्यांचा आवाज वाढवला.

तिसऱ्या वेळी एकच ठोका आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आरती रंगात आली. कडवं संपून टाळ्या थांबल्या, तेवढ्यात भिंतीवर तीन ठोके. स्पष्ट, दमदार. मला हायसं वाटलं, तेही कबूल करतो.

"दीप्या, तुझा शेजारी तालाला पक्का दिसतो रे," दादा म्हणाला. सगळे हसले.

अक्षदा मोदकांचं ताट घेऊन गेली आणि तशीच परत आली. "अहो, कडी आतून आहे. हाका मारल्या, ओ देत नाहीत."

पानं वाढायची होती. बावीस पानं.

"सकाळीच भेटले मला," मी म्हणालो. "अंगात कणकण आहे, झोपतो म्हणाले. उठवू नकोस."

दीड दिवसाचं विसर्जन करून आलो आणि दार फोडलं. काका आमच्या भिंतीला टेकून बसलेले. काठी मांडीवर. डॉक्टर नाकाला रुमाल लावून म्हणाले, "दोन दिवस झालेत. हरतालिकेलाच गेले हे."

"पण आरतीला तर..." दादा तिथेच थांबला.

अक्षदा माझ्याकडे बघत होती. "तुम्हाला सकाळी भेटले होते ना?"

"भेटले होते," मी म्हणालो.

आणि गंमत बघा, चाळीत माझं वजन वाढलं. मेल्यावरही काका ज्याच्याशी बोलले, तो मी. बायका जिन्यात अंग चोरून मला वाट द्यायच्या. मीही कोणाला दुरुस्त केलं नाही. घरात मात्र अक्षदा कमी बोलायला लागली.

पुढच्या वर्षी गणपती वडाळ्याला बसला. मला कोणी विचारलंही नाही. आरतीचं कडवं संपलं आणि मूर्तीमागच्या भिंतीवर तीन ठोके पडले.

त्या भिंतीपलीकडे खोली नाही. सतरा मजल्यांची मोकळी हवा आहे.



अक्षदाने निरांजनाचं तबक खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ.

मग ती भिंतीशी गेली आणि तिने दोनदा वाजवलं. हातातल्या काचेच्या बांगड्या किणकिणल्या.

ठोके थांबले.

दिवाळी तिने पाहिली नाही. डॉक्टरांना कारण सापडलं नाही.

मान मी घेतला. त्याचं मोल भरलं आधी काकांनी. मग, माझ्या वाटचं, तिने.

आज हरतालिका आहे. दुपार. खोलीत मी एकटा. भिंतीवर तीन ठोके पडतायत आणि प्रत्येक ठोक्याबरोबर काचेच्या बांगड्या किणकिणतायत.

दोनदा वाजवायला मी हात उचलला.

त्याच हाताने स्पीकरचा आवाज वाढवला.